पोटापाण्याच्या गोष्टी : आठ तारांची परीक्षा



गेल्या दोन महिन्यांत तिघांनी मला खाजगीत जवळजवळ एकच प्रश्न विचारला. "भारतात नेटवर्किंगमध्ये पाच-सात वर्षं काढलीत, आता मेलबर्नला आलोय. ते केबलिंगचं रजिस्ट्रेशन पटकन कसं मिळेल?" तिघांनाही कळवलं, पण त्यातल्या 'पटकन'चं उत्तर दोन ओळींत मावेना. म्हणून या वेळचं सदर त्यावरच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी इथल्या एका प्रशिक्षण संस्थेत केबल टाकायला शिकणाऱ्यांची परीक्षा घेतो. पूर्वी शिकवायचो जास्त, आता परीक्षाच जास्त. कुणी केबल ओढली, दोन्ही टोकांना जोडली, मशीनने तपासली आणि 'हे काम नियमाप्रमाणे झालंय' असा कागद भरला, तर त्या माणसाला हे सगळं खरोखर येतं का, हे मी ठरवायचं.

"केबल टाकायची कसली आलीय परीक्षा?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. माझ्या सासऱ्यांनीही विचारला होता, साखरपुड्याच्या आधी :-)

तर आधी कायदा, थोडक्यात. ऑस्ट्रेलियात टेलिफोनच्या किंवा डेटाच्या जाळ्याला जोडायची जी केबल भिंतीत, छतात किंवा जमिनीखाली कायमची बसते, ती फक्त रजिस्टर्ड केबलरनेच टाकायची, नाहीतर त्याच्या देखरेखीखाली काम करणाऱ्याने. १९९७ च्या टेलिकम्युनिकेशन्स कायद्यातून हे आलंय आणि २००५ पासून त्याची अंमलबजावणी एसीएमए ही सरकारी संस्था करते. स्वतःच्या घरातही स्वतः टाकायची मुभा नाही. राउटरपासून लॅपटॉपपर्यंतची पॅच कॉर्ड खुशाल लावा, ती यात येत नाही. ऑफिसं, शाळा, इस्पितळं इथलं काम करायचं तर 'ओपन' रजिस्ट्रेशन लागतं, त्यावर स्ट्रक्चर्ड केबलिंगचा वेगळा शिक्का, आणि वर्गातल्या शिक्षणाखेरीज ३६० तासांचा प्रत्यक्ष अनुभव. अमेरिकेतल्या वाचकांना हे जरा जास्तच वाटेल. तिकडे देशभराचं असं एक रजिस्ट्रेशन नाही, काही राज्यांत लो-व्होल्टेजचं लायसन्स लागतं, बाकी बिक्सीचं प्रमाणपत्र बाजारात चालतं. आखाती देशांत बरेचदा कंत्राटातच लिहिलेलं असतं कोणतं प्रमाणपत्र हवं ते. कागद वेगवेगळे, पण केबल तीच आणि तिचे आठ रंगही तेच.

आता आपल्या मंडळींची अडचण नेमकी कुठे येते ते सांगतो.

भारतातून अनुभव घेऊन आलेला माणूस पहिल्या दिवशी बहुतेक वेळा वर्गात सगळ्यात हुशार असतो. आयपी ॲड्रेस, स्विच, व्हीलॅन तोंडपाठ. क्रिम्पिंग तर झोपेत करेल. फक्त तो ते करतो ५६८ बी रंगक्रमाने आणि इथे रिवाज ५६८ ए चा. हे एका दिवसात सुटतं. जे सुटत नाही ते म्हणजे त्याच्या खिशातलं ते छोटं टेस्टर. तुम्ही पाहिलं असेलच, लॅमिंग्टन रोडवर ढिगाने मिळतं, दोन डब्या, आठ-आठ दिवे. एका टोकाला एक डबी, दुसऱ्या टोकाला दुसरी, आणि दिवे एक ते आठ क्रमाने लागले की काम झालं. "सर, ओके आहे." हे 'ओके आहे' मी इतक्या वेळा ऐकलंय की स्वप्नातही ऐकू येतं.

ते ओके नसतं. का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या सगळ्या कामाचं मर्म तिथेच आहे.

डेटाच्या केबलमध्ये आठ तारा असतात, पण त्या आठ सुट्या तारा नाहीत, चार जोड्या आहेत. प्रत्येक जोडी एकमेकींभोवती पिळलेली. हा पीळ शोभेसाठी नाही. ग्रॅहम बेलने १८८१ साली याचं पेटंट घेतलं, कारण टेलिफोनच्या तारा शेजारी शेजारी नेल्या की एकातलं बोलणं दुसऱ्यात ऐकू यायचं. चाळीत भिंतीपलीकडचं भांडण ऐकू येतं ना, तसं. दोन तारा एकमेकींत पिळल्या की बाहेरून येणारा उपद्रव दोघींवर सारखाच पडतो, आणि पलीकडचं यंत्र दोघींमधला फरकच वाचत असल्यामुळे तो उपद्रव वजा होऊन जातो. चारही जोड्यांचा पीळही मुद्दाम कमीजास्त ठेवलेला असतो, म्हणजे शेजारणींचं एकमेकींशी जमू नये.

आता नवशिक्या काय करतो? सॉकेटला एक ते आठ असे खाचे असतात. तो सरळ विचार करतो: एक-दोनला पहिली जोडी, तीन-चारला दुसरी, पाच-सहाला तिसरी, सात-आठला चौथी. दिसायला सुरेख. दोन्ही टोकांना तसंच. पण नियमाप्रमाणे मधल्या चार-पाचला एक जोडी लागते आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या तीन-सहाला दुसरी. हा विचित्र क्रम जुन्या टेलिफोनपासून आलाय, तिथे मधल्या दोन तारांवर फोन चालायचा. सरळ क्रमाने जोडलं तर प्रत्येक तार आपापल्या जागी बरोबर पोचते, पण तीन आणि सहावरून जाणारा सिग्नल दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या एकेका तारेवरून धावतो. पीळ आहे, पण भलत्याच तारेबरोबर. याला स्प्लिट पेअर म्हणतात. आठ दिव्यांची डबी इथे मजेत एक ते आठ लागते. तार इथून तिथे पोचली का, एवढंच ती विचारते. कुणाबरोबर पोचली, हे विचारत नाही.

आणि गंमत म्हणजे अशी केबल कित्येकदा चालतेही. लांबी कमी असेल आणि वेग १० मेगाबिटचा असेल तर वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. मग कुणीतरी गिगाबिटचा नवा स्विच बसवतो आणि कधी नेट येतं, कधी जातं, कधी फाइल अर्ध्यात तुटते. दोष स्विचला दिला जातो, मग संगणकाला, मग आयटीवाल्याला. भिंतीतल्या केबलकडे शेवटी बघतात, कारण तिथे बघायचं तर भिंत उघडावी लागते.

म्हणून माझ्या परीक्षेत एक फळी ठेवलेली आहे. तिच्यावर मी स्वतः बिघडवून ठेवलेल्या लिंक आहेत. एक स्प्लिट पेअर. एकीत पीळ तीन-चार सेंटिमीटर उलगडलेला, नियमाने तो जोडताना १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नसतो. एकीत कॅट ६ केबलच्या टोकाला कॅट ५ई चं सॉकेट. एकीत केबल टायने इतकी आवळलेली की आतल्या जोड्या चेपल्यात. आणि एक लिंक अगदी बरोबर. या बरोबर लिंकमध्ये सगळ्यात जास्त लोक दोष शोधून काढतात! परीक्षेत ठेवलीय म्हणजे काहीतरी बिघडलेलं असणारच, असं धरून चालतात. शोधायला दिलं म्हणून नसलेला दोष जो माणूस शोधून काढतो, तो उद्या गिऱ्हाइकाचीही धड केबल उपटणार.

बाकीची परीक्षा अशी. प्रत्येकाला लाकडी चौकटीची एक खोटी भिंत, एका बाजूला प्लास्टरबोर्ड, पलीकडे रॅक आणि त्यात २४ पोर्टचं पॅच पॅनल. सहा लिंक टाकायच्या. प्रत्येक लिंकला मी वेगळ्या लांबीचं वेटोळं मध्ये ठेवतो, कारण सगळ्याच केबली पाच मीटरच्या असल्या तर परीक्षेला अर्थ नाही. पॅच पॅनलपासून भिंतीतल्या सॉकेटपर्यंतच्या पक्क्या भागाला ९० मीटरची मर्यादा आहे, दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड धरून १००. मग लेबलं, मग सर्टिफायर मशीन, मग टीसीए-१ चा कागद. तो भरून एक प्रत गिऱ्हाइकाला द्यायची आणि एक स्वतःजवळ किमान वर्षभर ठेवायची. त्या कागदावर कंपनीची नाही, माणसाची सही असते.

लोकांना वाटतं मी शेवटी येऊन निकाल बघतो. मी दिवसभर बघत असतो, हातात कागद घेऊन, फारसं न बोलता. केबल खोक्यातून कशी काढतो? वळण किती तीव्र देतो? कॅट ६ ला साधारण केबलच्या जाडीच्या चौपट त्रिज्या लागते. ओढताना हिसका देतो का? चार जोड्यांच्या केबलला ११० न्यूटनपर्यंतचा ताण चालतो, म्हणजे जेमतेम अकरा किलोचं वजन. अडकलेली केबल छतातून दोन हातांनी खेचणारा पहिलवान यापेक्षा कितीतरी जास्त लावतो. बाहेरून काही दिसत नाही, आतला पीळ मात्र ताणला जातो. विजेची केबल शेजारून जात असेल तर ५० मिलिमीटर अंतर ठेवतो का, नसेल जमत तर मध्ये पडदा घालतो का? एस-००९ या इथल्या वायरिंगच्या नियमपुस्तकातलं सगळ्यात महत्त्वाचं कलम माझ्या मते हेच.

मग येतं मशीन. हे डब्यांचं टेस्टर नव्हे, छोट्या गाडीच्या किमतीचं यंत्र. केबलमधून १ ते २५० मेगाहर्ट्झपर्यंत सिग्नल पाठवून वाटेत किती गळतो, शेजारच्या जोडीत किती झिरपतो, किती उलटा परत येतो, कोणत्या जोडीत किती उशिरा पोचतो, हे सगळं काही सेकंदांत मोजतं. लांबीसुद्धा मोजपट्टीने नाही, सिग्नलला लागणाऱ्या वेळेवरून काढतं. आणि शेवटी हिरव्या अक्षरांत लिहितं: पास.

या हिरव्या अक्षरांवर माझा राग आहे. कारण मशीनला तुम्ही जो प्रश्न विचारता त्याचंच ते उत्तर देतं. कॅट ६ टाकून मशीनवर कॅट ५ई ची मर्यादा निवडली तर ते फक्त १०० मेगाहर्ट्झपर्यंत बघतं आणि आनंदाने पास म्हणतं. पक्क्या लिंकऐवजी 'चॅनल' निवडलं तर माप सैल होतं, कारण चॅनलमध्ये पॅच कॉर्डही धरलेल्या असतात. कधी पासच्या शेजारी एक चांदणी येते. म्हणजे निकाल मर्यादेच्या इतका जवळ आहे की मशीनची स्वतःची चूकभूल तेवढीच आहे. नियमाने तो पासच. मी विचारतो, "ही चांदणी कसली?" निम्मे लोक म्हणतात, "चांगलं काम केल्याची असेल." (खरंच म्हणतात हो.) जो म्हणतो, "दोष सॉकेटपाशी दिसतोय, परत जोडून बघतो," त्याच्याबद्दल माझं मत तिथेच अर्धं बनलेलं असतं.

आता एका मुलाची गोष्ट. नाव नको, सांगलीचा मुलगा म्हणू. इंजिनिअर, इथे येऊन आठ-नऊ महिने झालेले, गोदामात रात्रपाळी करून दिवसा वर्गाला यायचा. हात उत्तम. माझ्या फळीवरचे सगळे दोष त्याने अर्ध्या तासात काढले आणि बरोबर लिंकला 'बरोबर' म्हणाला. दुपारी मी निकालांची फाइल उघडली. सहाच्या सहा हिरवे. पण चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या लिंकची लांबी तीच, जी पहिलीची: २७.४ मीटर. वेटोळी मी स्वतः मोजून ठेवली होती, वेगवेगळी. वेळा बघितल्या तर तिन्ही चाचण्या दीड मिनिटात उरकलेल्या. एका सॉकेटमधून दुसऱ्यात मशीनचं दुसरं टोक हलवायलाच तेवढा वेळ जातो. त्याने पहिलीच लिंक आणखी तीनदा तपासून तिला चौथी, पाचवी, सहावी अशी नावं दिली होती.

मी विचारलं, "तिन्ही केबली दशांश मीटरपर्यंत सारख्या कशा?"

थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "सर, पहिली पास झाली होती. बाकीच्याही तशाच जोडल्यात."

"मग तपासल्या का नाहीत?"

"वेळ संपत आला होता. आणि सहावी आधी एकदा फेल आली होती."

आम्ही दोघांनी मिळून त्या तीन तपासल्या. चौथी आणि पाचवी खरोखरच पास होत्या. सहावीत पॅनलच्या मागे केबल मुडपली होती, पाच मिनिटांचं काम. म्हणजे त्याला काम येत होतं. तरी मी कागदावर लिहिलं: अजून सक्षम नाही.

इथे नापास हा शब्दच नाही. एक तर सक्षम, नाहीतर 'अजून सक्षम नाही'. सुरुवातीला मला हे गुळगुळीत वाटायचं, हल्ली त्यातला 'अजून' आवडायला लागलाय. पुरावा कसा हवा याचे इथे चार नियम आहेत: तो त्याच कौशल्याचा हवा, पुरेसा हवा, ज्याचा म्हणून दाखवलाय त्याचाच हवा, आणि ताजा हवा. सांगलीच्या मुलाचा पुरावा सहावी लिंक म्हणून दाखवलेला होता आणि ती सहावी लिंक नव्हती. यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. तरीही संध्याकाळी गाडीपाशी तो आला. वर्गात आम्ही इंग्रजीत बोलतो, तिथे तो मराठीत बोलला. सोमवारपासून एका शाळेचं काम मिळत होतं, कंत्राटदाराला रजिस्टर्ड माणूस हवा होता, ३६० तासांची नोंदवही पूर्ण होती, फक्त माझा कागद अडला होता. बँकेत तीन आठवड्यांच्या भाड्याएवढे पैसे. रडला-बिडला नाही. हिशेब सांगितल्यासारखं सांगितलं. मला वाटतं रडला असता तर मला सोपं गेलं असतं. मी त्याला दोन आठवड्यांनंतरची तारीख दिली.

रविवारी फोन आला, एका ओळखीच्या ज्येष्ठ गृहस्थांचा. मंडळाच्या कामात पुढे असतात, माणूस चांगला. "अहो, आपला मुलगा आहे. काम येतं असं तुम्हीच म्हणता. तुमच्या एका सहीने काय बिघडतंय? गोऱ्यांच्या पोरांना नाही का सोडत?" शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. त्याच तुकडीतल्या दोन इथल्याच मुलांना मी थांबवलं होतं. त्यातल्या एकाने तर विजेच्या केबलला चिकटूनच डेटाची केबल नेली होती. पण "काय बिघडतंय" हा प्रश्न प्रामाणिक होता, आणि त्याचं उत्तर मला तेव्हा फोनवर नीट देता आलं नाही. इथे देतो.

एक तर, शाळेत सहा लिंक नसतात, सहाशे असतात. संध्याकाळी चार वाजता तिथेही वेळ संपत आलेला असतो, आणि तिथे फाइल उघडून लांब्या बघणारा मी नसतो. मोठ्या कंपन्या आपल्या केबलिंगवर २०-२५ वर्षांची हमी देतात, ती त्या मशीनच्या मूळ फाइलींच्या भरवशावर. हल्ली त्याच केबलीतून वीजही जाते. २००३ च्या पहिल्या मानकात १५.४ वॉट होती, २०१८ च्या मानकाने ९० वॉटपर्यंत नेली. शाळेतला कॅमेरा, दाराचं कुलूप, वाय-फायची डबी, सगळं त्या आठ तारांवर. एका जुडग्यात अशा पन्नास केबली असल्या की त्या तापतात, आणि तपासलेली म्हणून दाखवलेली पण न तपासलेली लिंक त्या जुडग्यात कुठे आहे, हे कुणालाच माहीत नसतं.

दुसरं जास्त महत्त्वाचं. रजिस्टर्ड झालेला माणूस फक्त स्वतः काम करत नाही, न शिकलेल्यांवर देखरेख करायचा अधिकारही त्याला मिळतो. म्हणजे उद्या तो अठरा वर्षांच्या मुलाला सांगणार, "वर चढ, मी बघितलंय, सगळं ठीक आहे." तो मुलगा त्याच्या शब्दावर छतात शिरणार. २००९-१० मध्ये ऑस्ट्रेलियात घरांच्या छतांत इन्सुलेशन घालायची सरकारी योजना निघाली होती. घाईघाईने, जेमतेम शिकवलेली तरुण मुलं वर चढवली गेली. चौघे मेले. तिघे विजेच्या धक्क्याने, एक उष्म्याने. २०१४ मध्ये त्यावर रॉयल कमिशनचा अहवाल आला, आणि त्यात प्रशिक्षणाची आणि देखरेखीची हयगय पानोपानी आहे. ते केबलिंगचं काम नव्हतं. पण छतं तीच, जानेवारीतला उकाडा तोच, आणि आमच्याकडे शिकायला येणारी मुलं त्याच वयाची. म्हणून माझ्याकडे छतात चढायच्या आधी वीज कुठून जाते ते न बघता शिडीवर पाय ठेवला, की त्या दिवसाची परीक्षा तिथेच थांबते. त्यावर कुणाचा फोन आला तरी.

आणि तपासलं नसताना 'तपासलंय' म्हणायची सवय छताला वेगळी आणि सहाव्या लिंकला वेगळी नसते, असं माझं मत आहे. कडक वाटेल कुणाला, वाटू दे.

सांगलीचा मुलगा दोन आठवड्यांनी आला. सहाही लिंक नव्याने टाकल्या. तिसरीवर चांदणी आली, मी काही विचारायच्या आत त्याने सॉकेट उघडलं, परत जोडलं, परत तपासलं. चांदणी गेली. पहिला निकालही त्याने फाइलीत तसाच ठेवला होता, पुसला नव्हता. सक्षम. शाळेचं काम तोवर दुसऱ्याला गेलं होतं. मधे महिनाभर गोदामातच काढला, मग दुसऱ्या कंत्राटदाराकडे लागला. माझ्याशी बोलतो, पण जेवढ्यास तेवढं. त्याचं बरोबर आहे.

माणुसकी म्हणून काहीच करता येत नाही असं मात्र नाही. एका विद्यार्थ्याला हिरवा आणि तपकिरी रंग वेगळे दिसत नव्हते. त्याने विचारलं, फोनवरचं रंग ओळखणारं ॲप वापरू का? वापर म्हटलं. जास्त वेळ मागितला, दिला. इंग्रजी लिहायला अडखळणाऱ्याला तोंडी उत्तरं देऊ देतो. मदत हवी तेवढी देता येते. पीळ किती उलगडायचा ते १३ मिलिमीटर मात्र सगळ्यांना सारखे.

आता त्या तिघांसाठी, आणि ज्यांनी विचारलं नाही पण विचारणार आहेत त्यांच्यासाठी. जुन्या अनुभवाला इथे मान्यता मिळते, त्याला आरपीएल म्हणतात. पण "पुण्यात सात वर्षं नेटवर्क सांभाळलं" हे पत्र पुरत नाही. तुम्ही स्वतः केबल ओढली, जोडली, तपासली याचे फोटो, नकाशे, चाचणीच्या फाइली, तुमच्यावर देखरेख करणाऱ्याची पत्रं जमवा. स्विच सांभाळणं वेगळं काम आहे, तेही मोठं आहे, पण ते हे नव्हे. बहुतेकांना मी सांगतो की आरपीएलच्या कागदांमागे धावण्यापेक्षा सरळ वर्गाला बसा, लवकर होतं. एस-००९ भारतातल्या अनुभवातून कुणालाच येत नाही. ३६० तासांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा, तारीख, जागा, काय काम केलं, कुणाच्या देखरेखीखाली, आणि त्याची सही त्याच आठवड्यात घ्या. सहा महिन्यांनी सही मागायला गेलात तर तो माणूस पर्थला गेलेला असतो.

परीक्षेला येताना जाड तळव्याचे बूट, स्वतःची कात्री आणि स्वतःचं पंच-डाउन टूल आणा, उसन्या हत्याराने हात चुकतो. चाळिशी लागली असेल तर वाचायचा चष्मा विसरू नका, तपकिरी-पांढरी आणि केशरी-पांढरी तार छताजवळच्या उजेडात एकसारख्याच दिसतात. आठ दिव्यांची डबी घरी ठेवलीत तरी चालेल.

पुढच्या खेपेला, ज्यांनी फायबरबद्दल विचारलंय, त्यांचं बघू.